स्मरणशक्तीच्या चाचणीत मला नापास करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख संशोधन अधिकारी,
रक्तपेशी व स्मरणशक्ती अभ्यास कक्ष,
सरकारी रुग्णालय, दुसरा मजला.

विषय : चाचणीत मिळालेले पैकीच्या पैकी गुण रद्द करून नव्या शब्दांनिशी फेरतपासणी होणेबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाचे ‘स्मरणशक्ती उत्तम’ असे प्रमाणपत्र.

महोदय,

१. सविनय कळवण्यात येते की, अर्जदार गेली बारा वर्षे एचआयव्हीबाधित असून गोळ्या एकही दिवस चुकवत नाही. विषाणू तपासणीत सापडत नाही इतका दबलेला आहे. अर्जदार बस आगाराच्या भांडारात सुटे भाग देण्याचे काम करतो. नोंदवही न उघडता कुठला भाग कुठल्या खणात ते सांगतो म्हणून सगळे त्याला ‘कंप्युटर’ म्हणतात. म्हणायचे, असे लिहिणे जास्त खरे होईल.

२. विषाणू दबला तरी रक्तातल्या काही संरक्षक पेशी शांत होत नाहीत, त्यांच्यावरची काही प्रथिने वाढलेली राहतात, आणि त्याचा विसरण्याशी संबंध आहे का हे आपण शोधत आहात, असे डॉक्टरीणबाईंनी समजावले होते. अर्जदाराची ती प्रथिने तिन्ही खेपांना वाढलेली निघाली. ऐकवून लक्षात ठेवायला दिलेले शब्द मात्र पहिल्या खेपेस बारापैकी पाच आठवले आणि पुढच्या दोन्ही खेपांना बाराच्या बारा. रक्त असे असूनही डोके शाबूत ठेवणारा माणूस मिळाला म्हणून बाईंनी मोठ्या हौसेने अभिनंदन केले. अर्जदाराने तोंड वर करून ते स्वीकारले, वर चहाही घेतला. त्याची आता लाज वाटते.

३. खरी गोष्ट अशी की, पहिल्या खेपेस पाचच शब्द आठवले तेव्हा अर्जदाराच्या पायाखालची जमीन सरकली. पत्नी शेजारीच बसली होती, तिला सगळे आठवत होते. डोके अजून चालते हे स्वतःला पटवायला घरी गेल्या गेल्या तिच्याकडून यादी लिहून घेतली. भांडारात नवा भाग लक्षात ठेवायची आमची रीत आहे : डोळे मिटायचे, खण उघडायचा, वस्तू आत ठेवायची. त्याच रीतीने अर्जदाराने बाराही शब्द खणांत लावले. पुढच्या वेळी आपण तीच यादी विचाराल असे स्वप्नातही वाटले नव्हते. आपण विचारलीत.

४. आता ते शब्द जागचे हलत नाहीत. डोळे मिटून तिसरा खण उघडावा तर आत कोंबडा. क्लचची तबकडी कुठे गेली देव जाणे! सातव्यात छत्री, नवव्यात चुलता. नोंदवही उघडावी तर पान उलटेपर्यंत काय शोधत होतो तेच निसटते.

५. गेल्या मंगळवारी अर्जदाराने जुन्या गाडीची ब्रेकची नळी नव्या गाडीला दिली. ‘कंप्युटर’ने दिली म्हणून कुणी ताडून पाहिली नाही. नळी बसलीही. चाचणीच्या फेरीत गाडी फाटकापाशी थांबता थांबेना, शेवटी भिंतीला जाऊन टेकली. गाडी रिकामी होती म्हणून निभावले. नळी बसवणाऱ्या मोठ्या मिस्त्रींनी स्वतःचीच चूक समजून माफी मागितली, आणि अर्जदाराने ती मागू दिली.

६. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना विनवले की भांडारातून काढा, गाड्या धुवायला लावा, काहीही द्या. त्यांनी डॉक्टरांचा कागद मागितला. अर्जदाराजवळ आपलाच कागद होता. तो वाचून त्यांनी पाठीवर थाप मारली आणि टायरचे भांडारही अर्जदाराच्या गळ्यात घातले.

७. तरी विनंती की, अर्जदाराला कोरे करकरीत शब्द देऊन पुन्हा तपासावे. तपासताना पत्नीला बाहेर बसवावे, ती मायेपोटी ओठ हलवते. आपल्या अभ्यासातली माझी नोंदही खोडावी. माझ्या घोकंपट्टीमुळे दुसऱ्या कुणाच्या रक्ताबद्दल चुकीचा निष्कर्ष निघाला तर मला झोप लागायची नाही. तशीही लागत नाहीच.

८. आपल्या कारकुनांनी सांगितले की स्मरणशक्ती कमी असल्याचे नवे प्रमाणपत्र हवे तर त्यावर कारण म्हणून आजाराचे नाव लागेल. आगारात हे कुणालाच माहीत नाही. तिथे मी गोळ्या ताकदीच्या म्हणून घेतो. ज्यांच्या डब्यातले मी रोज खातो ती माणसे उद्या शेजारी बसतील की नाही, सांगता येत नाही. पत्नीला हे सांगितल्यावर ती दोन दिवस नको नकोच म्हणत होती. पण सोमवारी सहा गाड्या दुरुस्तीला येणार आहेत, आणि संध्याकाळी त्या माणसांनी भरून बाहेर पडतील. साहेब, त्याआधी बोलवा. नाव लिहावे लागत असेल तर लिहा, ठळक लिहा.

आपल्या निरोपाची वाट पाहणारा,
(सही)
अभ्यासातील सहभागी क्रमांक ४१
दिनांक : १९ मार्च

सोबत :
१. ‘स्मरणशक्ती उत्तम’ प्रमाणपत्र, मूळ प्रत, परत.
२. बारा शब्दांची यादी, पत्नीच्या अक्षरात.
३. आजाराचे नाव लिहिण्यास संमतीपत्र. त्यावर माझी एकट्याची सही पुरे होती. खालची सही पत्नीची आहे, तिने आज सकाळी न विचारता केली.