गाडीत चिकटवायचा कागद

आई, मी गाडीत बसून लिहितेय. ही गाडी तू बघितली नाहीस. सतरा सीटची होती, आमच्या मालकाने, सेठने, उल्हासनगरच्या गॅरेजमध्ये सगळ्या सीटा काढून आत दोन पलंग, बेसिन, छोटा ओटा, गॅस, संडास पण बसवून घेतला. कॅरॅव्हॅन म्हणतात. पैसेवाले लोक घर सोडून डोंगरात जातात आणि तिथं परत घरातच झोपतात, असं तुझा जावई म्हणतो. तो चालवतो, मी स्वयंपाक करते. माळशेज, भंडारदरा, जव्हार, कधी खाली कोकणात. पॅसेंजर आत झोपतात, आम्ही तिघं बाहेर तंबूत. तिघं म्हणजे पोरगा पण. साडेतीन वर्षांचा आहे. तुझ्या माघारी झाला, तुला कुठून माहीत असणार. उद्या सकाळी परत निघायचंय, चार दिवस. आत्ता दुपार आहे, गाडी सेठच्या गोडाऊनबाहेर उभी आहे, पोरगा मागच्या पलंगावर झोपलाय आणि माझ्या मांडीवर डॉक्टरने दिलेला कागद आहे. सगळा भरला. वजन, औषधं, कुठल्या गावात कुठलं सरकारी हॉस्पिटल, सगळं. एकच ओळ राहिलीय. कुटुंबात कुणाला फिट येत होत्या का. त्या ओळीवर माझा पेन अर्धा तास थांबलाय, म्हणून म्हणलं तुलाच लिहावं. आठ वर्षं झाली तुला जाऊन, एक अक्षर लिहिलं नाही मी तुला. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण, चुका असतील. तुझ्यामुळंच सातवीपर्यंत आहे ते.

मागच्या महिन्यात आम्ही धरणाच्या मागच्या अंगाला गाडी लावली होती. रस्ता तिथंच संपतो, पुढं पाणी. फोनला नेटवर्क नाही. पॅसेंजर धबधबा बघायला गेले, तुझा जावई त्यांना वाट दाखवायला गेला. त्यांचे एक म्हातारे वडील गुडघ्यामुळं मागं राहिले, ते खुर्ची टाकून बसलेले. पोराला सकाळपासून कणकण होती. मी चमचाभर औषध दिलं आणि गोधडीत गुंडाळून झोपवलं. भाकऱ्या थापत होते. मागून आवाज आला, खाटेला काहीतरी आपटतंय असा. बघते तर डोळे वर, अंग ताठ, हात पाय झटके देतायत, ओठ निळे. आई, मला ते एका सेकंदात कळलं आणि तरी मी ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला यायच्या तेव्हा मला कुठं दिसायच्या? मला नंतरचं माहीत होतं. जीभ चावलेली, फ्रॉक ओला, तू उशाशी बसलेली आणि तोंडात लोखंडाची चव. बाहेरून असं दिसतं ते मला माहीत नव्हतं.

आणि मग माझ्या हातांनी काय केलं माहितेय? तू करायचीस तेच. चमचा उचलला आणि त्याच्या दातात घातला. चप्पल काढून नाकाला लावली. मी विचार केला नाही, हातच गेले. म्हातारे आजोबा फोन वर धरून गाडीभोवती फिरत होते, एक दांडी आली, एक दांडी आली म्हणत. कट्ट आवाज झाला, त्याचा पुढचा दात तुटला. दुधाचा आहे, परत येईल सगळे म्हणतात. पण ते रक्त बघून मला वाटलं मी मारलं त्याला. फिट आपली आपण थांबली. मी कुणाला हाक मारणार? सगळे परत आले तोवर पाऊण तास गेला, गाडीचं तोंड पाण्याकडं होतं, ती वळवण्यात आणखी वेळ गेला, मग दीड तास रस्ता. पोरगा मांडीवर गुंगीत, मी सारखं त्याच्या नाकापुढं बोट धरून.

सरकारी हॉस्पिटलातली डॉक्टरीण माझ्याच वयाची असेल. तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, चमचा कुणी घातला. मी म्हणलं मी. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. कांदा, चप्पल काही नाही. कुणी शिकवलं तुम्हाला हे? मी पोराची हनुवटी पुसत राहिले. मग तिनं लिहिता लिहिता विचारलं, घरात लहानपणी कुणाला आल्या होत्या का. हा म्हणाला, नाही मॅडम, आमच्यात कुणाला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. माहेरी? मी म्हणलं, नाही. इतकं पटकन म्हणलं की मलाच आश्चर्य वाटलं. तू किती पक्कं शिकवलंयस बघ. पोरगा समोर पडलाय सलाईन लावून आणि माझ्या तोंडातून तुझं नाही बाहेर पडतंय.

विठ्ठलवाडीच्या शाळेतला तो दिवस तुला आठवत असेलच. मी सातवीत, गणिताच्या तासाला पडले. शुद्धीवर आले तर बाई पदरानं वारा घालतायत आणि सगळ्या पोरी भिंतीला चिकटून उभ्या. तुला नर्सिंग होममधून बोलावलं. तू आयाची निळी साडी तशीच घालून आलीस. बाई म्हणाल्या, हिला फिट आली, तुम्ही तर हॉस्पिटलातच आहात, दाखवून घ्या. तू हसलीस. म्हणालीस, छे हो बाई, सकाळपासून उपाशी आहे, भवानीला शंभर वेळा सांगितलं खाऊन जा. आणि बाईंच्या समोर माझ्या पाठीत एक धपाटा घातलास, खाल्लं नाही म्हणून. मी दोन चपात्या खाऊन गेले होते. रस्त्यात तू एक शब्द बोलली नाहीस. चाळीच्या जिन्यात थांबलीस आणि म्हणालीस, "कुठं बोललीस तर लग्न होणार नाही. जन्मभर माझ्या उरावर बसशील." दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. मी घरी बसून जीन्सचे धागे कापायला लागले. पोरी विचारायला आल्या तर तू सांगितलंस, हिला अभ्यास झेपत नाही. मला झेपत होता. गणितात मला पैकीच्या पैकी असायचे कधी कधी.

मला राग कशाचा येतो सांगू? अडाणी बाईनं केलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तू अडाणी नव्हतीस. त्या नर्सिंग होममध्ये तू बारा वर्षं होतीस. किती पोरं तिथं झटके येत आली असतील, किती जणांना तू स्वतः कुशीवर धरलं असशील, डॉक्टरचं बघून. दुसऱ्याच्या पोरांना कुशीवर आणि मला चप्पल. बाबा-भगत आपल्यात चालत नाही असं विहारात तूच मोठ्यानं सांगायचीस. मग माझ्यासाठी बाबा पण नाही, डॉक्टर पण नाही. भीती एवढीच, तिथल्या नर्सला कळेल, नर्सकडून चाळीला, चाळीकडून अंबरनाथच्या मामाला, मामाकडून सगळ्या भावकीला. हॉस्पिटलच्या दारात राहून तू मला आत नेलं नाहीस.

आणि त्या गोळ्या. ताकदीच्या म्हणायचीस. कधी पांढऱ्या, कधी अर्ध्या कापलेल्या, कागदाच्या पुडीत बांधून आणायचीस. मला खूप नंतर कळलं. पेशंट घरी गेला की कॉटच्या टेबलावर राहिलेली पाकिटं तू गोळा करायचीस आणि कुठली कशाची ते नर्सला भलतंच निमित्त सांगून विचारायचीस. फिटचा पेशंट आला तर गोळ्या, नाही आला तर महिनाभर नाही. गोळ्या देताना तू माझं तोंड उघडून जीभ वर करून बघायचीस, गिळली का. गिळली की माझं डोकं पोटाशी धरायचीस. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. तेराव्या वर्षानंतर मला आली नाही. गोळ्यांनी थांबली का आपली आपण, कुणाला विचारू? कुठली गोळी, किती, काहीच माहीत नाही. तू सांगून गेली नाहीस. स्वतःच्या छातीत दुखतंय ते तरी कुठं सांगितलंस? माझं लग्न झालं, वर्ष पण झालं नाही आणि एका सकाळी निरोप आला. कामावर न्यायचा तुझा डबा भरून ठेवलेला तसाच होता.

पोराला इथं बदलापूरच्या बालरोगवाल्याला दाखवलं. तापामुळं येते म्हणाले, बऱ्याच पोरांना येते, मोठा झाल्यावर जाते. पण तुम्ही जिथं फिरता तिथं मी नाही आणि ॲम्ब्युलन्स पण लवकर येणार नाही, म्हणून तयारी तुम्हीच करायची. नाकात मारायचा स्प्रे दिला. पाच मिनिटं घड्याळ लावून बघायचं, थांबली नाही तर मारायचा आणि निघायचं. हा कागद पण त्यांनीच दिला. म्हणाले, तुमची बोबडी वळली तर कागद बोलेल. काही सोडायचं नाही. आणि झोप सांभाळा, पोराची पण, झोप मोडली की फिटवाल्यांना त्रास होतो. फिटवाल्यांना, असं म्हणाले. मी मान खाली घातली.

मग मी औषधांचा डबा केला. थर्मामीटर, तापाचं औषध, जुलाबाची पावडर, भाजल्याचं मलम, पट्ट्या, बॅटरी. याला सांगितलं, गाडी नेहमी रस्त्याकडं तोंड करून लावायची, टाकी भरल्याशिवाय डांबरी सोडायची नाही, नेटवर्क शेवटचं कुठं येतं ते लिहून ठेवायचं. हा हसला, मिलिटरीत गेलीस काय म्हणाला, पण करतो सगळं. सेठनी मात्र कागद बघितला आणि म्हणाले, "बहन, बीमारी का कागज देखके पार्टी भाग जायेगी. अंदर कहीं लगा." म्हणून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचाय. खरवईला घरी गेलो तर सासूबाईंनी पोराच्या दाताकडं बघितलं आणि विचारलं, "आमच्यात असलं कुनाला नाय. तुमच्याकडं होतं का गं कुनाला?" मी म्हणलं, भात घालू का अजून.

एक अजून सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. परवा जव्हारच्या वाटेवर सकाळी मी चहा ठेवला होता. हा गाडीखाली काहीतरी बघत होता. मी पातेल्याकडं बघत होते आणि मग एकदम बघितलं तर सगळा चहा उतू जाऊन गॅस विझलेला आणि पोरगा माझा गाऊन ओढतोय, मम्मी मम्मी. मला मधलं काही आठवत नाही. महिनाभर नीट झोपले नाहीये, त्याच्या छातीवर हात ठेवून जागी असते, तेच असेल. तसंच असेल ना? हा पॅसेंजरना घेऊन डोंगरावर जातो तेव्हा गाडीत मी, पोरगा आणि गॅस एवढंच असतं. मी पडले तर त्याला कुशीवर कोण वळवणार?

मधे थांबले होते. हा आला. उद्याचं पाणी भरून आला आणि कागद हातात घेऊन उभ्यानं वाचला. म्हणाला, अक्षर चांगलं आहे गं तुझं. मग बोट ठेवून विचारलं, ही ओळ का सोडलीस? मी म्हणलं, लिहिते. तो खाली बसला, माझ्या पायाशी, दारातल्या पायरीवर. पोरगा उठू नये म्हणून हळू बोलला.

"असेल तर सांग. मी काय तुला घराबाहेर काढतोय का?"

आई, असं माझ्याशी कुणी कधी बोललं नव्हतं. तू तर नाहीच. दार उघडंच होतं, मला फक्त बाहेर पाय टाकायचा होता. मी तोंड उघडलं.

"माझ्या आईला यायच्या," मी म्हणलं. "लहानपणी."

तो बघत राहिला. म्हणाला, अरे बापरे, आणि हॉस्पिटलात पेशंट उचलायच्या त्या. आधी सांगायचं ना मग, त्यात काय लपवायचं. माझ्या हातातून पेन घेऊन त्यानंच लिहिलं, आईकडच्या आजीला. जाताना म्हणाला, तरी किती केलं त्यांनी तुझ्यासाठी एकटीनं. मी हो म्हणलं. आता तो डिझेल टाकायला गेलाय आणि कागद दाराच्या आत चिकटलाय, चारी बाजूंनी टेप मारून.

तुला एकदासुद्धा फिट आली नव्हती. डॉक्टर आता आजीबद्दल विचारतील, माझ्याबद्दल नाही. उद्या आम्ही निघू आणि गॅससमोर मीच उभी असेन. हे पत्र मी ठेवणार नाही, हा वाचेल. माफ कर असं मी म्हणणार नाही, तू पण मला कधी म्हणली नाहीस. पण खरं सांगते, तोंड उघडलं तेव्हा माझं नाव घशातच राहिलं आणि दुसरं कुणाचं सुचलं नाही, तुझंच आलं.