मोबाइलवरच्या पाच खोल्या

१४ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तुझा हात कसा आहे? प्लॅस्टर ओलं होऊ देऊ नकोस. खाजलं तरी आत काड्या घालू नकोस, तुला सवय आहे.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तुझ्या दादाचा जबडा तारेने बांधलाय, नळीने दूध घेतात. डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोलता येत नाही, तर पाटीवर लिहून माझ्याशी भांडतात.

तू आलास तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या कोटाला इस्त्री करत होते. वाटलं, चहाला आलास. तू मोबाइलवर घरांच्या किमती सांगणारी साईट उघडून दादाच्या नाकासमोर धरलीस. "आपलं घर" नाही, "आमच्या बापाचं घर" म्हणालास. "साईट हा भाव दाखवते, आणि तू पाव हिस्सा कमी घेऊन विकतोस? वरचे कुठे मुरवलेस?"

दादा शांतपणे सांगत होते, "अरे, ती साईट गेल्या वर्षीच्या विक्रीवरून हिशेब मांडते. गल्लीत चार घरं विकायला काढलीत, एकही खपलं नाही. थांबलो तर आणखी उतरेल." भाव केव्हाच पडले आणि साईटचं आपलं वरातीमागून घोडं. पण तुला ऐकायचंच नव्हतं. तू त्यांना चोर म्हणालास. ज्याने तुला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याला. मग स्टूल उचललंस.

पहिल्याच फटक्याला ते पडले. पडल्यावरही तू मारत राहिलास. दात फरशीवर सांडले होते. मी ओरडले, तू थांबेनास, म्हणून हातातली गरम इस्त्री तुझ्या मनगटावर घातली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. बारक्या, मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

काल दलाल आला होता, घेणाऱ्यांनी माघार घेतली हे सांगायला. रक्ताची बातमी गल्लीभर झालीय. त्याने साईट उघडून दाखवली. तिथे घराची माहिती मालकालाच भरता येते म्हणे. आपल्या घराला पाच खोल्या, नवं स्वयंपाकघर, शिवाय गाडीला जागा. मी इतकी हसले की तो बिचारा घाबरला.

आठवतं ना तुला? तुझं लग्न जमत होतं, मुलीकडच्यांना दाखवायला तू आमच्याच टेबलाशी बसून साईटवर तीन खोल्यांच्या पाच केल्या होत्यास. तिघेही पोट धरून हसलो होतो. लग्न मोडलं, खोल्या तशाच राहिल्या. साईट त्याच मोजतेय. आपलीच थाप खरी मानून भावाचा कान फोडलास, मेल्या.

उद्या पोलीस जबाब घ्यायला येणार. दादाने पाटीवर लिहिलं, 'जिन्यावरून पडलो म्हण.' मी पुसलं. त्यांनी परत लिहिलं आणि लिहिता लिहिता रडले. तरीही मी खरं सांगणार आहे. स्टूल सांगणार आणि इस्त्रीही सांगणार.

तू मित्राकडे लपलायस हे मला ठाऊक आहे, म्हणून ही चिठ्ठी आजच हातोहात पाठवतेय. पळू नकोस. उद्या स्वतःच्या पायांनी ये. आलास की दादाच्या उजव्या बाजूला बस. डावीकडून माफी मागितलीस, तर त्यांना ऐकू येणार नाही.

उद्या तुझं नाव सांगणारी,
तुझीच वहिनी