थोराड नवरी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (मान धरली आहे, तेव्हा तो उभ्यानेच घातला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला? माझं सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. एरवी झोप नाही, भूक नाही आणि कालपासून डावी पापणी फडफडते आहे. ते शुभ की अशुभ हे कळवू नकोस, मला आहेत तेवढ्या काळज्या पुरेत.

तू विचारलंस, तुमच्या मालिकेतली नवरी एकदम अशी थोराड कशी झाली. तर ऐक. सुरुवातीला ती चौदा वर्षांची होती. जुना काळ म्हटला की नवरी चौदाची, आई तिशीची आणि आजी चाळिशीतच खाटेला खिळलेली, हे आम्हा लेखकमंडळींना कुणी शिकवावं लागत नाही. एकाने लिहिलेलं दुसरा वाचतो आणि तेच पुढे ढकलतो. मीही ढकललं. (आणि ते माझ्यावरच उलटलं. दर फोनवर तू मला माझीच मालिका ऐकवायचीस, 'बघ, पूर्वी चौदाव्या वर्षी मुली संसाराला लागायच्या, आणि तू अजून भाड्याच्या खोल्या बदलते आहेस.')

मग वाहिनीने इतिहास तपासायला एक माणूस नेमला. आम्ही त्याला शंकासुर म्हणतो. उंच, किडकिडीत, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, आपली कथा घडते त्या सातासमुद्रापलीकडच्या मुलखात चौदाव्या वर्षी लग्नं लागायची ती राजघराण्यांत, तीही तह पक्के करायला, आणि नवरी बरेचदा पुढे कित्येक वर्षं आईकडेच राहायची. साध्या घरांतल्या मुली पंचविशीला टेकायच्या. आधी दोघांनी कुठेतरी राबायचं, भांडीकुंडी जमवायची, चूल मांडण्यापुरती जागा मिळवायची आणि मगच लग्न. सगळीकडे असं नव्हतं, आपल्याकडे तर नव्हतंच, हेही त्याने लगेच सांगितलं. (तो कुठलीच गोष्ट अर्धवट सांगत नाही. लिफ्टमध्ये असला तर दार धरून पूर्ण करतो.) आपली नायिका तर कुंभाराची पोर. मला इतका आनंद झाला आत्या, की मी भर बैठकीत टाळी वाजवली आणि मग पाणी प्यायला बाहेर निघून गेले.

निर्माते मात्र पांढरे पडले. पंचविशीची नवरी दाखवली तर लोक विचारतील, हिच्यात खोट काय आहे? (हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही. माझ्याकडे बघायचं टाळून म्हटलं, ते जास्त लागलं.) शेवटी हो-ना करता करता नायिकेचं वय वाढलं, नटी बदलली आणि घोटाळ्याला सुरुवात झाली. बापाचं काम करणारा नट हटून बसला, की मी एवढ्या बाईचा बाप दिसतो का. त्याला समजावता समजावता आईचं वय वाढवायचं मी साफ विसरले, त्यामुळे एका भागात आई लेकीपेक्षा पाचच वर्षांनी मोठी निघाली. तो भाग दाखवलाही गेला. नोकरी गेलीच असं धरून मी टेबलाचा खण आवरायला घेतला. पण कुणाच्या लक्षातच आलं नाही, फक्त शंकासुराच्या. तो दोन चहा घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "हे लिहिताना तुम्ही फार दमला होतात का?" आत्या, मला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते सर्दीवर ढकललं.

असो. नवरी थोराड का, त्याचं उत्तर हे एवढंच. आतोबांना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. उत्तर एवढंच नाही. येत्या रविवारी मी शंकासुराला तुझ्याकडे आणते आहे. आम्ही लग्न करायचं म्हणतो. बाबा ऐकतात ते फक्त तुझं, म्हणून आधी तू बघ. तो एकतीस वर्षांचा आहे.

आणखी एक. मी त्याला माझं वय तीस सांगितलं आहे. कसं तोंडातून गेलं कळलं नाही, आणि गेल्यावर परत घेता आलं नाही. खरा आकडा तुला ठाऊक आहेच. तुमच्या बाहेरच्या खोलीत तुझ्या लग्नाचा फोटो आहे, त्यात मी तुझ्या मांडीवर अंगठा चोखते आहे आणि खाली ठळक साल घातलेलं आहे. तेवढा फोटो रविवारपुरता कपाटात ठेव. ज्याचं कामच कुठल्या कुठल्या नवऱ्यामुलींची खरी वयं शोधायचं, त्याला मी हे सांगून बसले आहे.

शेवटचं. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. फोटो काढू नकोस. त्याला समोरच्याच खुर्चीवर बसव, मांडीवरचं बाळ कोण ते सांग, बाकीचं तो स्वतःच करेल. मला तोंडाने सांगणं होत नाही. मी आत चहा करत असेन. तो हसला तर मला हाक मार. नाही हसला तरी मार, पण जरा वेळाने.