तीन नंबरची पट्टी

२३ नोव्हेंबर २००९, सोमवार

पट्टी गेली! चारही कॉम्प्युटरवरची! सकाळी सायबर कॅफेचं शटर वर केलं, मशीन चालू केल्या, इंटरनेट उघडलं – आणि वर नुसतं पांढरं कपाळ. कुंकू पुसल्यासारखं.

दोन महिने बसून मी ती पट्टी बनवली होती. जव्हारात कुणाला वेबसाइटचा पत्ता तोंडपाठ नाही, आणि असण्याची गरजही नाही. म्हणून वर एका ओळीत मराठीत बटणं करून ठेवली – निकाल, भरती, वनरक्षक, मेल, हवामान, क्रिकेट, लग्न. येणारा माणूस सांगतो, 'डावीकडनं तिसरं दाब.' झालं काम. सगळं गाव त्या पट्टीवर चालतं. आज सगळं गाव माझ्यावर चाललं.

'माझा निकाल पहिल्या बटणात होता!' – एक काका. जसा काही मी निकाल खाल्ला.

शनिवारी बंद करताना ब्राउझरने विचारलं होतं, नवीन आवृत्ती घ्यायची का? चारही मशीनवर न वाचता 'हो' दाबलं. हे फक्त इथं लिहितोय. तुळशीदासभाऊंना सांगितलं, कुणीतरी छेडछाड केली. मालकाला सगळंच सांगायला मी काय कोर्टात उभा आहे?

२४ नोव्हेंबर

सुकऱ्याशी भांडलो. शनिवारी संध्याकाळी शेवटचा तोच बसला होता. ठाण्याहून बांधकामाच्या साइटवरचं काम संपवून आलाय, रोज येऊन हिरोंचे फोटो बघतो. सरळ कॉलर धरली – 'पट्टी तू उडवलीस, चोरा!'

'अरे भाय, मला अजून उंदीर नीट धरता नाय येत, तुझी पट्टी कशी उडवू? खालीपिली चोर नको बोलू हां!'

तरी बोललो. दोनदा. मग तो निघून गेला आणि मला वाटलं, याला खरंच माऊस धरता येत नाही. पण एकदा चोर म्हटल्यावर मागे कसं यायचं?

दिवसभर प्रयोग. मशीन बंद-चालू – नाही. ब्राउझर काढून परत टाकला – नाही. भाऊंनी एक नंबरच्या मशीनला उदबत्ती ओवाळली – तिनेही नाही. 'रघु, तू शिकलेला आहेस ना रे?' म्हणाले. अर्धवट, असं म्हणाले नाहीत. डोळ्यांनी म्हणाले.

चार वाजता निशा आली.

तिच्याबद्दल या वहीत आधीच इतकं लिहिलंय की आता शाई वाचवतो. साखरशेतची. बारावी सायन्स. वनरक्षकाच्या भरतीसाठी रोज पहाटे घाटाच्या रस्त्याला पळते. आणि मला म्हणते –

'ओ दादा, माझं बटण कुठंय?'

दादा! तालुक्यात एवढी तरणी पोरं, सगळ्यांना ती 'ए' म्हणते. मलाच दादा!

वनरक्षकचं बटण नाही म्हणजे तिचे नमुना पेपर नाहीत. तिला पत्ता टाइप करायला लावावा लागला. तीन नंबरवर बसली होती. मी स्टूल ओढून शेजारी बसलो आणि एकेक अक्षर सांगितलं. मध्येच चुकली. मी परत सांगितलं. ती परत चुकली. वीस मिनिटं! खोबरेल तेल आणि उन्हाचा वास. पट्टी गेल्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर

सापडली!! वर 'व्ह्यू' म्हणून शब्द आहे. त्यात 'टूलबार'. त्यात नावासमोर बरोबरची खूण असते. नवीन आवृत्तीने ती खूण काढून टाकली होती. बास! पट्टी गेलीच नव्हती, पडद्यामागे बसली होती. खूण केली की टपकन बाहेर. बटणं सगळी जशीच्या तशी.

तीन दिवस शिव्या खाल्ल्या त्या एका खुणेसाठी. टेबलावर मूठ आपटली. कीबोर्डचं एक बटण उडालं. (प्रश्नचिन्हाचं. कोण वापरतं?)

एक नंबर – केली. दोन – केली. चार – केली.

तीनवर आलो आणि हात थांबला.

२६ नोव्हेंबर

तीन नंबर अजून तसाच आहे. का, ते मला माहीत आहे.

२८ नोव्हेंबर, शनिवार

आली. एक आणि चार रिकाम्या होत्या, तरी तीनवरच बसली. सवय. 'दादा, पट्टी नाहीच का अजून?' स्टूल ओढलं.

फॉर्मची शेवटची तारीख पाच डिसेंबर, संध्याकाळी पाच. ऑनलाइनच भरायचा. तिचा जातीचा दाखला यायचाय, म्हणून थांबलीय. ही भरती चुकली तर पुढची कधी, कुणाला ठाऊक. घरचे तोपर्यंत थांबणार नाहीत – डहाणूकडचं एक स्थळ येऊन गेलंय म्हणे. हे तिने पेपर सोडवता सोडवता सांगितलं, हवामान सांगावं तसं.

मग म्हणाली, 'तुम्ही कॉलेज का सोडलंत?'

मी सांगितलं सगळं. केमिस्ट्रीचे सर कसे चारचौघांत बोलले, मी कसा ताडकन उठलो, जर्नल कसं खिडकीबाहेर भिरकावलं आणि वळूनही पाहिलं नाही.

तिने ऐकून घेतलं. 'म्हणजे जर्नल अपूर्ण होतं.'

!!!

दोन वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. आईनेसुद्धा.

१ डिसेंबर

दाखला आला. फोटो स्कॅन केला, लहान केला, परत लहान केला. फोटोतही ती माझ्याकडे रागाने बघते.

'दादा, एक नंबरवर पट्टी दिसते. चारवरपण. इथंच का नाही?'

'ती मशीन जुनी आहे. आतून व्हायरस खातो.'

'अरेरे,' म्हणाली. आणि मॉनिटरला दोन थापा मारल्या, आजारी म्हशीला माराव्या तशा.

खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे मला माहीत आहे. तिला माहीत नसावं.

४ डिसेंबर

भाऊंनी घोळ घातला. त्यांचा मेहुणा हरेश, मोखाड्याला त्याचं झेरॉक्स आणि दोन कॉम्प्युटर. त्याचीही पट्टी गेली. 'उद्या जाऊन ये. तुलाच जमतं.'

उद्या! उद्या पाच तारीख! निशा फॉर्म भरायला येणार.

'परवा जातो.'

'परवा मी जावयाचं तोंड बघू की बायकोचं? उद्या!'

मेहुणा की जावई, भाऊ रागात नाती विसरतात. गेलो नाही तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर तीन नंबरही गेला. म्हटलं, सकाळच्या गाडीने जातो, एक खूण करायचीय, बाराला परत.

निघताना तीन नंबरपाशी दोन मिनिटं उभा राहिलो. खूण करून टाकावी का? मग उद्या ती स्वतःच भरून मोकळी होईल. मला हाक मारायची गरज नाही.

नाही केली. बाराला परत येतोच आहे.

५ डिसेंबर

मी मूर्ख आहे. ठळक अक्षरात – मी मूर्ख आहे.

मोखाड्यात पोचलो तर लाइट नाही. हरेशशेठ निवांत. 'येईल दोनपर्यंत. चहा घ्या.' तीन चहा झाले. अडीचला लाइट आली, अर्ध्या मिनिटात खूण केली. हरेशशेठ डोळे फाडून – 'एवढंच? मग भावजींनी तुम्हाला पाठवलं कशाला?' तोच प्रश्न मलाही होता.

त्यांच्याच फोनवरून दुकानात फोन लावला. भाऊ – 'हां, आलीय ती मुलगी. तीन नंबरवर बसलीय. म्हटलं एकवर बस, तर म्हणे इथंच बरं.'

'भाऊ, तिला म्हणावं एकवर बसा! तीनवर पट्टी नाही!'

'दुकानात आठ माणसं आहेत, मी काय निरोप्या आहे?' ठक.

जीपवाला हलेना. बाजाराचा दिवस, अजून दोन जण हवेत. मी ओरडलो. तो म्हणाला, 'ओरडायचं असेल तर चालत जा.' गप्प मागे स्टेपनीवर बसलो. एका बाईची कोंबडी मांडीवर. प्रत्येक वळणाला वाटलं, तिला तो पत्ता आठवेल का? तीन-तीनदा चुकायची ती. मी शिकवलाच कुठे, नुसता शेजारी बसलो.

पोचलो तेव्हा सव्वापाच. तीन नंबर रिकामा. साखरशेतकडची एसटी गेलेली.

'फॉर्म झाला का तिचा?'

भाऊ – 'मला काय कळतं त्यातलं? बराच वेळ बसली होती.'

मशीन उघडून बघायची हिंमत झाली नाही. तिचं वर्ष, तिची पहाटेची पळापळ, सगळं एका खुणेत. आणि ती खूण न करणारा मी. सरांना दोष देता येत नाही, सुकऱ्याला देता येत नाही. हात माझाच.

६ डिसेंबर, रविवार

दुकान बंद. भाऊंकडून किल्ली मागून आणली. जाताना वाटेत सुकऱ्या भेटला. तोंड फिरवायला लागला. मीच म्हणालो, 'सुकऱ्या, तुला चोर म्हटलं ते चुकलं. नवीन आवृत्तीला हो मीच म्हटलं होतं.' हे वाक्य एवढं जड असतं हे माहीत नव्हतं.

तो हसला. 'चल, येतो सोबत.'

तीन नंबर चालू केला. ब्राउझर उघडला.

पट्टी वर! निकाल, भरती, वनरक्षक – सगळी रांगेत!

'ही कुणी लावली?'

सुकऱ्या – 'कोण? तीच. काल फॉर्म भरून प्रिंट घेऊन गेली ना. मी बाजूलाच होतो. शेवटची एसटी धरायची म्हणून पळाली, काय पळते भाय!'

फॉर्म झाला! मी खुर्चीतच बसलो.

'तिला खूण करता येते?'

'पहिल्यापासून! तू भाऊंच्या चहाला गेला का पट्टी लावायची, पेपर बघायची. तू दारात दिसला का काढायची आणि बोंबलायची – ओ दादा!'

'अरे मग आधी का नाही बोललास?'

'तू मला चोर बोलला ना. म्हटलं, भोग.'

७ डिसेंबर

तीन नंबरवर पट्टीच्या अगदी शेवटी, 'लग्न'च्या पुढे, एक बटण आहे. मी केलेलं नाही. नाव – 'रघु'. नुसतं. दादा नाही.

दाबलं. मुक्त विद्यापीठ. शिक्षण अर्धवट सोडलेल्यांसाठी प्रवेश. शेवटची तारीख वीस डिसेंबर.

फॉर्म उघडून बसलोय. शेजारी स्टूल ओढून ठेवलंय.