दुसरी नोंद

सोमवार, ३
नोकरी लागली! तीन महिन्यांचीच, पण आई सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगत सुटलीय. काम म्हणाल तर डोक्याला ताप नाही. जुन्या ग्राहकांची कार्डं बघून त्यांची नावं संगणकावरच्या ‘बंद’ यादीत टाकायची. एकच कार्ड दोघींनी वेगवेगळं टाइप करायचं; दोन्ही नोंदी जुळल्या की नाव कायमचं बंद. माझ्या जोडीला समोरच्या टेबलावरची चष्मेवाली आहे. दुपारपर्यंत आम्ही एकमेकींची सगळी कुंडली विचारून घेतली.

मंगळवार, ११
रोज चारशे कार्डं. आता आम्ही वाचतसुद्धा नाही, बोटं आपोआप चालतात. तोंडं तेवढी मोकळी, म्हणून दिवसभर खिदळतो. आज कंटाळून तिने कोऱ्या कार्डावर स्वतःचंच नाव-पत्ता लिहिला, तो टाइप केला आणि कार्ड गुपचूप माझ्या गठ्ठ्यात सरकवलं. मी ते ओळखते का, बघायचं होतं. मी कुठली ओळखतेय! सरळ टाइप करून मोकळी झाले. निघताना तिने सांगितलं, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली.

बुधवार, १२
ती आली नाही. फोनही लागत नाही. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, कोण चष्मेवाली? तुमची जोडीदारीण तर शुक्रवारपासून येणार आहे. मला वाटलं, थट्टा करतायत.

गुरुवार, १३
तिच्या घरी जाऊन आले. तिच्या आईने पाणी दिलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाळा, आम्हाला मूलबाळ नाही गं. डोळे अगदी चष्मेवालीचेच. रस्ताभर रडत आले. हे माझ्या बोटांनी केलं. एकदा, नुसतं एकदा वाचलं असतं तर —

शुक्रवार, १४
यादीतलं नाव काढायची सोयच नाही म्हणे. साहेबांच्या पाया पडायची बाकी राहिले. समोर नवी मुलगी आलीय. भिंतीकडे बघत झपाझप टाइप करते.

सोमवार, १७
पडद्यावर माझं नाव. पहिली नोंद झालेली. आज सकाळी. चष्मेवालीच्या कर्मचारी नंबरवरून —

अगं, रागावलीस का? की तिथे करमत नाही तुला?

कार्ड नवीच्या हातात. अक्षर चष्मेवालीचंच. हिसकावून फाडलं, तरी तिची बोटं थांबेनात — पाठ झालंय त्यांना. आडनाव झालं. आता पत्ता —

निदान हे तरी कुणीतरी नीट वाचा.

आईला फोन लावला. उचलला. कोण बोलतंय, विचारतेय. आई, मी गं, तुझी —