सौ.च्या फाइलची निःपक्षपाती तपासणी

४ फेब्रुवारी, सकाळी
मत्सर हा समान योग्यतेच्या माणसांतच संभवतो. सौ. या प्रयोगशाळेत माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. भट्टी कशी लावायची हे तिला मी शिकवले. म्हणजे आम्ही समान नाही. सबब मत्सर नाही. हे लिहून ठेवणे भाग पडले, कारण काल जेवताना तिने विचारले, की अहो, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंय.

प्रसंग असा. सर्जनना मेंढीच्या मांडीच्या हाडातली फट भरण्यासाठी सच्छिद्र सिरॅमिकचा तुकडा हवा आहे. हाडाने त्याच्या छिद्रांतून वाढत जाऊन फट सांधायची. तो थ्रीडी प्रिंटरवर छापून भट्टीत भाजायचा. नमुने दोन: एक माझा, एक तिचा. निवड एकाचीच होणार, आणि ज्याची होईल त्याच्याकडे पुढचे सगळे काम. निर्णय महिनाअखेरीस. तो काय लागेल, हे मला आताच स्पष्ट दिसते.

९ फेब्रुवारी
संकल्प: तिच्या टेबलाकडे पाहायचे नाही.

पाहिले. वाटेतच आहे ते. तिच्या डिझाइनमधली छिद्रे अवाजवी मोठी आहेत. वस्तू कमी, हवा जास्त. हवेला डिझाइन म्हणत नाहीत.

१३ फेब्रुवारी
माझा नमुना भट्टीतून निघाला. दाबयंत्राखाली त्याने तिच्या नमुन्याच्या कितीतरी पट भार सोसला. विषय संपला.

तंत्रज्ञाने मात्र विचारले, साहेब, यात भोकं कुठायत? ती सूक्ष्म आहेत, असे सांगितले. वस्तुतः प्रिंटर ज्या प्रकाशाने पातळ रेझिन थराथराने घट्ट करतो, तो त्यात कालवलेल्या सिरॅमिकच्या कणांवर आपटून आडवा फाकतो, आणि छिद्रात मोकळे राहायला हवे ते रेझिनही घट्ट करून टाकतो. हा दोष प्रकाशाचा, माझा नव्हे. सौ.ने म्हणे हे आधीच धरून छिद्रे मुद्दाम मोठी काढली. याला मी दूरदृष्टी म्हणणार नाही. संशयी स्वभाव म्हणेन.

१७ फेब्रुवारी
सर्जननी दोन्ही नमुने लाल पाण्यात उभे केले. तिचा शेंड्यापर्यंत लाल झाला. माझा घोटाभर पाण्यात कोरडा उभा. सर्जन म्हणाले, सर, तुमचाही छान आहे, बांधकामाला चालेल. सगळे हसले. सौ. हसली नाही. तेच अधिक लागले.

प्रतिवाद: रंगीत पाणी म्हणजे रक्त नव्हे. तो नीट शब्दांत बांधेपर्यंत सर्जन जिना उतरून गेले होते. महिनाअखेरपर्यंत सुधारित नमुना द्यायची मुभा मिळाली आहे.

रात्री सौ. म्हणाली, काही अडलं तर विचारा हो, मी काही परकी नाही. मी म्हणालो, मला काहीही विचारायचे नाही. वाक्य ठाम झाले. कूस बदलूनही ठामच वाटत राहिले.

२१ फेब्रुवारी, दुपारी
तिच्या कॉम्प्युटरवरून तिच्या डिझाइनची फाइल घेतली. ही चोरी नव्हे. चोरीला वस्तू परकी लागते, आणि मी परकी नाही, असे तिचेच विधान आहे. ती त्या वेळी चहाला गेली होती, हा योगायोग.

हेतू एकच, निःपक्षपाती तपासणी. तपासणी करायची तर छापून पाहायला हवे. त्याआधी कडा गोल केल्या. आता डिझाइन तत्त्वतः माझे.

भट्टीत रेझिन जळून जाते आणि तुकडा आक्रसतो. म्हणून आकार आधीच जवळजवळ पाव पटीने वाढवून छापायचा, हे नवशिक्यालाही ठाऊक असते. वाढवला.

२६ फेब्रुवारी
निघाला. कुठेही तडा नाही. छिद्रे आरपार, पाणी सरसर चढले. इतके देखणे काम या प्रयोगशाळेत झालेले नाही. फक्त हाडाच्या मॉडेलमधल्या फटीत तो बसत नाही. मॉडेल सदोष असावे.

सायंकाळी
मॉडेल निर्दोष आहे. आकार सौ.ने फाइलमध्ये आधीच वाढवून ठेवला होता. मी वाढलेला वाढवला.

एक प्रश्न तिला विचारला असता तर हे टळले असते. पण तो विचारायचा तर फाइल माझ्याकडे कशी, हे सांगावे लागले असते. तेव्हा तर्काच्या दृष्टीने माझे पाऊल बिनचूक होते. तुकडा तेवढा चुकला.

२८ फेब्रुवारी
तुकडा दडवायचे ठरवले होते. तंत्रज्ञाने तो भल्या सकाळी पुसून ट्रेमध्ये मांडून ठेवला.

सर्जननी उचलला, उजेडात धरला आणि विचारले, हा कुणाचा? मी घसा साफ केला. तेवढ्यात सौ.ने तो हातात घेतला. फिरवून पाहिला. गोल केलेल्या कडेवरून बोट फिरवले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, माझंच डिझाइन आहे. मोठ्या मापात छापून बघा असं मीच यांना सांगितलं होतं.

सर्जन खूश. मोठ्या मापातही तडकत नाही, म्हणजे मोठ्या जनावरांतही वापरता येईल, म्हणाले. निवड तिथेच झाली. माझ्या पहिल्या नमुन्याकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही.

तिने मला असे काहीही सांगितले नव्हते. तिचे विधान साफ खोटे आहे. ते खोडून काढण्यासाठी मला जे विधान करावे लागेल, ते मात्र खरे आहे. मी ट्रे सरळ केला. सर्जननी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, घरातच असा मदतनीस असला की काम सोपं होतं.

२ मार्च
तिच्या नमुन्यांची छपाई माझ्याकडे आली. पर्यवेक्षण म्हणता येईल.

सकाळी दारात चपला घालताना ती म्हणाली, अहो, फाइल वाढवूनच ठेवलीय, आता तशीच छापा. आणि डबा घ्या बरोबर.

या दोन वाक्यांत टोमणा कुठे आहे, हे दिवसभर प्रिंटरपाशी बसून शोधले. नाही सापडला. सापडता तर बरे होते.