शेऱ्यातला इंग्रजी शब्द

सेनगाव, मंगळवार, ६ ऑगस्ट १९७४

आज शाळेत कचेरीचं पाकीट आलं. माझ्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आहे, त्यावर लेखी उत्तर मागितलंय. सगळ्या मराठी मजकुरात एकच इंग्रजी शब्द: ‘इंटेम्परेट’. अर्थ कळेना. हायस्कूलच्या इंग्रजीच्या गुरुजींनी कोश काढला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, “पिण्यात अतिरेक करणारा.” मी सुपारीसुद्धा खात नाही. तरी ते माझ्या तोंडाचा वास घेताहेत असं का वाटलं?

मग त्यांनी खालचा अर्थ वाचला. बोलण्यात ताबा नसलेला.

तेव्हा जानेवारीतली तपासणी आठवली. विस्तार अधिकारी म्हणाले होते, “तांड्यावरची पोरं मागं बसवा.” मी सगळ्यांसमोर आवाज चढवला होता, “साहेब, ती बसलीत तिथंच बसतील.” शेरा त्याचाच असणार. मग सरळ ‘उद्धट’ का नाही लिहिलं? मुद्दाम इंटेम्परेट? वाचणारा मला दारुड्याच समजेल, आणि कुणी जाब विचारला तर साहेबांना दुसरा अर्थ दाखवता येईल. की मीच फार संशय घेतोय?

घरी सुमनला सांगितलं. ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, “पिण्याचं असंल तर खोटं हाये म्हणून लिवा. बोलण्याचं असंल तर बराबर हाये म्हणून लिवा. तकलीफ काय त्यात?”

हेडमास्तरपदाच्या बढतीची यादी पुढच्या महिन्यात लागायची आहे, हे तिलाही माहीत आहे.

उत्तराच्या कागदावर तिची दोन्ही वाक्यं शुद्ध मराठीत उतरवली आणि सही केली.